एकाच बाजूनं आटणारं कापड

गल्लीच्या टोकाला दुकान असलेल्या शिंपीणबाईंचा जगात सगळ्यांवर विश्वास होता, फक्त कापडावर नव्हता. माप चुकत नाही, कात्री चुकत नाही. दगा देतं ते मेलं कापड! म्हणून स्वतःचा ड्रेस डावीकडे काचायला लागला, तेव्हा बाईंनी गिरणीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि डावी शिवण सैल केली. मग दुसऱ्या ड्रेसची. मग कपाटातल्या सगळ्यांचीच.

"ताई, एकाच बाजूनं आटायची अक्कल कापडाला कुठून आली गं?" धाकट्या बहिणीनं विचारलं.

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. तरुणपणी हौसेनं त्यांनी छातीत सिलिकॉनचे इम्प्लांट बसवून घेतले होते. हे गुपित ठाऊक होतं फक्त या बहिणीला.

"इतकी वर्षं निमूट बसलेत बिचारे. आता काय धाड भरणार त्यांना?"

"भरलीय! आरशात बघ, डावीकडे भोपळा झालाय!"

बहिणीनं त्यांना गळ्यातल्या टेपसकट दवाखान्यात ओढत नेलं.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. "डाव्या इम्प्लांटभोवती पाणी साचलंय. इतक्या वर्षांनी असं झालं की पाणी काढून तपासावंच लागतं. बहुतेकदा साधंच कारण निघतं. पण क्वचित, अगदी क्वचित, एक प्रकारचा कर्करोगही असतो."

सुईनं पाणी काढलं, मग एमआरआय झाला, आणि बाई घरी येऊन वाट बघत बसल्या. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता सुई ओवणाऱ्या बाईंना आता दोरा सापडेना, सापडला तर नेढं सापडेना. एका गृहस्थांच्या पँटला त्यांनी बाही जोडली.

"ताई, त्यांना तीन हात नाहीत गं," बहीण म्हणाली.

शेवटी फोन वाजला. बहिणीनं स्पीकर लावला.

"कर्करोग नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इम्प्लांटचं आवरण फाटलंय. तो इम्प्लांट मात्र काढून टाकावा लागेल."

"फाटलंय म्हणजे?" बाईंनी विचारलं. " शिवण उसवली का?"

"शिवण नसते हो त्याला. जुनं झालं, विरलं."

"विरलं!" बाई टुणकन उठल्या, बहिणीला गदागदा हलवत ओरडल्या, "ऐकलंस? बोंबलून सांगत होते ना मी? दोष कापडाचाच!"

आणि त्याच आनंदात त्यांनी पँटची बाही टराटरा उसवली.