निशिकांतचे बातामचे शनिवार

निशिकांत बाहेरख्याली आहे, हे आमच्या सिंगापूरच्या मराठी मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं. गणपतीत प्रसादाच्या रांगेत मंडळाचा सेक्रेटरी प्रबोध त्याला डोळा मारून विचारायचा, "काय चीफसाहेब, या शनिवारी बाताम का?" आणि निशिकांत लाजल्यासारखं हसायचा. ते हसू बघून माझं डोकं फिरायचं. कारण तो बातामला कशासाठी जातो हे मला एकट्यालाच माहीत होतं, आणि त्यात लाजण्यासारखं काहीही नव्हतं.

आम्ही दोघं मरीन इंजिनियरिंगच्या एकाच बॅचचे. जहाजांवर उमेदीची वर्षं काढून तो चीफ इंजिनियर झाला, मग किनाऱ्याला लागला आणि हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत सुपरिंटेंडंट म्हणून चिकटला. बुकित बातोकला आमच्याच ब्लॉकमध्ये, दोन मजले वर, भाड्याचा फ्लॅट. बायको सुमित्रा, मुलगी ईशा. कामाला वाघ. फोनवर इंजिनचा आवाज ऐकून काय बिघडलंय ते सांगायचा. स्वतःचं बिघडलं तेव्हा मात्र वर्षभर तोंड उघडलं नाही.

२०१३ साली, चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्याला बायकोजवळ जाणं जमेनासं झालं. इच्छा व्हायची, शरीर साथ द्यायचं नाही. आधी म्हणाला थकवा, मग म्हणाला वय, मग सुमित्राला झोप लागेपर्यंत टीव्हीसमोर बसून राहायला लागला. हे सगळं त्याने मला हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत, कॉफीत उगाच चमचा फिरवत, माझ्याकडे न बघता सांगितलं.

"मग डॉक्टरकडे जा की," मी म्हणालो.

"कंपनीच्या? त्यांच्या बिलावर आजाराचं नाव असतं. बिल एचआरला जातं. आणि एचआरमध्ये कोण बसतं?"

एचआरमध्ये नीलिमा बसायची. प्रबोधची बायको.

"मग पदरचे पैसे दे. ब्लॉकखाली क्लिनिक आहे."

"तिथे सुमित्रा ईशाला घेऊन जाते. सगळे ओळखतात मला."

पन्नास लाखांच्या शहरात या गड्याला एक डॉक्टर सापडेना, कारण त्याचं सिंगापूर म्हणजे मंडळाची दोनशे घरं. शेवटी त्याने फेरीबोट पकडली आणि तासाभरावरच्या बातामला, म्हणजे इंडोनेशियात, जायला लागला. घरी सांगायचा, शिपयार्डमध्ये जहाज लागलंय. मला ईशाची शपथ घातली होती, त्यामुळे माझंही तोंड बंद.

तिकडेही आधी अक्कल पाजळलीच. एका दुकानातून बिननावाच्या गोळ्या आणून खाल्ल्या. एकदा छाती इतकी धडधडली की फेरीच्या धक्क्यावर दोन तास बाकावर पडून राहिला. तेव्हा कुठे घाबरून खऱ्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी आधी त्या गोळ्या कचऱ्यात टाकल्या आणि रक्त तपासलं. साखर उपाशीपोटी दोनशेच्या वर, ब्लडप्रेशरही चढलेलं. याला पत्ताच नव्हता.

"शिरीष, तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात," निशिकांत मला समजावत होता, जणू शोध त्यानेच लावला. "म्हणून खराबी बऱ्याचदा आधी तिथे दिसते. इंजिनरूममध्ये नाही का, आधी बारीक पाइप चोक होतो. डॉक्टर म्हणाले, हा इशारा समजा. पुढचा नंबर हृदयाचा असू शकतो."

हृदयाची तपासणी झाली, साखरेचं औषध सुरू झालं, सिगरेट सुटली, सकाळी चालणं आलं. मग डॉक्टरांनी योग्य ती गोळी मोजून दिली आणि आपल्याला विचारल्याशिवाय दुसरं कुठलं औषध तिच्याबरोबर घेऊ नका म्हणून बजावलं. आणखी एक गोष्ट ते दर भेटीत सांगायचे. बायकोला घेऊन या, दोघं मिळून बोललात की निम्मी भीती जाते. हा त्यांना सांगायचा, बायको भारतात असते.

घरातले सगळे फॉर्म सुमित्रा भरायची. निशिकांतच्या पासपोर्टची पानं संपली म्हणून नव्या पासपोर्टचा अर्ज भरायला बसली, तेव्हा तिला पानांमागून पानं बातामचे शिक्के दिसले. तारखा बघितल्या तर बहुतेक शनिवार. शिपयार्डची जहाजं काय शनिवारीच बिघडतात? तिने सरळ विचारलं, "तिकडे कोणी आहे का?"

दुसऱ्या दिवशी त्याने मला हे सांगितलं. मी म्हटलं, "मग? बोललास ना खरं?"

"काही बोललो नाही. मान खाली घातली. तिला काय समजायचं ते समजू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

त्याच्या कानाखाली आवाज काढायला हवा होता. नाहीतर दोन मजले चढून सुमित्रावहिनींना सांगायला हवं होतं. मी दोन्ही केलं नाही. शपथेचं निमित्त होतं. खरं म्हणजे, त्याच्या जागी असतो तर मीही कदाचित हेच केलं असतं, अशी माझ्या मनात धाकधूक होती. पुढे सुमित्रा एकदा नीलिमाजवळ रडली, आणि आठवड्याभरात मंडळाला कळलं. आजार लपवायला ज्या नीलिमाला घाबरला, तिच्याच तोंडून तो बाईबाज ठरला, आणि ते त्याला चाललं. बायका त्याच्याशी बोलेनाशा झाल्या. पुरुष पाठीवर थाप मारायला लागले.

सगळ्यात वाईट हे, की औषधं लागू पडली. आठ-नऊ महिन्यांत तो बरा झाला. तोपर्यंत सुमित्रा ईशाच्या खोलीत झोपायला लागली होती.

२०१५च्या जूनमध्ये, ईशाच्या सुट्टीत, सुमित्रा आमच्याकडे निरोप घ्यायला आली. ईशाला घेऊन पुण्याला कायमची चालली होती. मग मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं; साखर, गोळ्या, म्हातारे डॉक्टर, सगळं.

"किती दिवस माहीत होतं तुम्हाला, भावजी?"

"दीड वर्ष."

"शिक्के बघितल्यावर मी एड्सची तपासणी करून घेतली," ती म्हणाली. "नाव सांगावं लागत नाही अशी जागा शोधून काढली. तिथे नंबराने हाक मारतात. तीन महिन्यांनी परत या म्हणाले, परत गेले. ईशाच्या ताटातलं उरलेलं खायची मला सवय होती, ती त्या तीन महिन्यांत सोडली. त्याने काही होत नाही हे वाचलं होतं, तरी सोडली. पोरगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारायची, आई, व्हाय यू सो फनी वन? म्हणजे अशी विचित्र का वागतेस."

मला तिच्याकडे बघवेना.

"आजारी नवरा मी टाकला नसता. हाताला धरून नेलं असतं डॉक्टरकडे. पण मी रडलेली त्याला चालली, भ्यालेली चालली. मला खरं कळलेलं तेवढं चालणार नव्हतं."

ती वर सामान बांधायला गेली. मी निशिकांतला ब्लॉकखाली बोलावलं आणि शपथ मोडल्याचं सांगितलं. तिच्या तपासणीचंही सांगितलं, नंबरापासून ताटापर्यंत. विमान दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. लिफ्ट समोरच होती. तो बाकावर बसून लिफ्टकडे बघत होता. मला वाटलं, आता हा उठेल आणि वर जाईल.

त्याने आजूबाजूला कोणी नाही ना ते बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "आणखी कोणाला सांगितलंस?"