अध्यक्षबाईंना कुणी नेलं?

सारा जन्म पोलिसात गेला. ‘साहेब, मी नाही त्यातला’ हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की पुढं पुढं ते कानात शिरायचंच बंद झालं. पण गुन्हा एक, आणि तीन चांगली माणसं ‘मीच केलाय, बाकीच्यांना सोडा’ म्हणून ठाण्यात हमरीतुमरीवर आलेली, असा प्रकार माझ्या अख्ख्या नोकरीत एकदाच घडला. ती केस काही केल्या डोक्यातून जात नाही. आठवली की आधी हसू येतं, मग विचार सुरू होतो.

मी तेव्हा सेलू तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपली होती, ठाणे अंमलदार स्टेशन डायरी ओढून बसला होता, आणि चहा यायचा होता. तेवढ्यात पाथरीकडचा एक शेतकरी आत आला. रात्रभर झोप नसल्यासारखे डोळे. त्याची धाकटी बहीण बेपत्ता होती. वय तिशीच्या पुढं, जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे बोलताही येत नाही. वालूरच्या एका सेवाकेंद्रात राहत होती.

“केंद्रवाल्यांनीच पळवली सायब. काल सांजच्याला गेलो तर खोली रिकामी. मी तिला घरी न्यायला येणार हे त्यांना मालूम होतं. म्हणून दडवली.”

हे केंद्र मला ऐकून माहीत होतं. तिथं दिव्यांग मुलं दिवसभर शिकायची, नवऱ्यानं टाकलेल्या बायका शिवणकाम करायच्या, एकट्या म्हाताऱ्यांना दुपारचं जेवण मिळायचं. जात-धर्म कुणी विचारत नसे. कारभार पाहायला सात जणांचं कार्यकारी मंडळ होतं. सगळे बिनपगारी, आपापला धंदा सांभाळून येणारे. त्यांचा एक नियम मला तेव्हाच कळला. ज्यांच्यासाठी केंद्र आहे त्यांच्यातलीही माणसं मंडळावर हवीत, नुसती उपकार करणारी नकोत. त्या वर्षी तर त्यांनी या फिर्यादीच्या बहिणीलाच अध्यक्ष केलं होतं.

भावाचा खरा राग तिथंच होता. “मुक्या माणसाला कुठं अध्यक्ष करतेत का सायब? तिला काय कळतंय? सह्या करायला बसवलंय. आई थकलीय, घरी ढोरं हायत, हिचं काम घरात हाय. एकदा सापडू द्या, परत उंबरा वलांडू देणार न्हाई.”

माणूस वाईट नव्हता. पण त्याचं शेवटचं वाक्य माझ्या ध्यानात राहिलं. बाई सापडली तर जन्माची घरात कोंडली जाणार, आणि मंडळानं दडवली असेल तर मंडळ कोर्टात आणि केंद्राला कुलूप. दोन्हीकडून त्या बाईचंच वाटोळं होणार होतं.

आधी बेपत्ता म्हणून नोंद घेतली. मोबाईल बंद होता, शेवटचं लोकेशन देवगाव फाट्याच्या टॉवरचं निघालं. एका हवालदाराला तिकडं पिटाळलं. तो एक हॉटेलवाला घेऊनच परत आला.

“हातवारे करणारी बाई होती साहेब,” हॉटेलवाला सांगू लागला. “जीपवाला ओढायलाय, ही सोडंना. लय झटापट झाली. मंग कोंबली आत अन् जीप गेली.”

“कोणत्या दिशेला?”

“तवा माझं तळण चालू होतं. भजी जळाली असती ना.”

धन्य आहे! डोळ्यांदेखत बाई ओढून नेली आणि याला भज्यांची काळजी. पण त्याच्या सांगण्यावरून प्रकरण अपहरणाचं झालं. फिर्यादीनं मंडळाच्या सचिवाचं नाव घेतलं होतं, म्हणून चौकशीला त्यांनाच बोलावलं. सचिव म्हणजे एक निवृत्त गुरुजी. धोतर, टोपी, आवाज वर्गात बोलावा तसा.

मी पहिला प्रश्न विचारायच्या आत गुरुजी म्हणाले, “मीच नेलं तिला. मोटारसायकलवर बसवून पाथरीला सोडलं. काय शिक्षा असंल ती द्या.”

इतक्या सरळ कबुलीनं मी सावध झालो. कबुली आयती मिळाली की पोलिसानं आधी खिसा चाचपावा, असं आमचे जुने फौजदार म्हणत. मी त्यांना बाकड्यावर बसवलं, तोवर मंडळाचे खजिनदार धापा टाकत आले. यांचं गावात औषधाचं दुकान.

“गुरुजींना सोडा साहेब. त्यांना शुगर आहे. मी नेलं तिला. माझ्या गाडीतून परभणीला.”

हे लिहून घेतोय तर बाहेरून कुणीतरी ओरडू लागलं. जाऊन पाहतो तर पायऱ्यांखाली तीनचाकी सायकलवर एक बाई. शिवणवर्ग चालवणाऱ्या मावशी, मंडळाच्या सदस्य. पाय लहानपणीच गेलेले, पण आवाज असा की लॉकअपमधले दोघं उठून बसले.

“तुमच्या पायऱ्या मला चढता येत न्हाईत, जबाब खाली येऊन घ्या! त्या दोघांनी कायबी केलेलं न्हाई. मी नेलं पोरीला. यष्टीनं. नांदेडला.”

मी खाली जाऊन पायरीवर बसलो. “मावशी, यष्टीत ही सायकल कशी चढवली?”

“चढवली. तुमाला काय करायचंय?”

आमच्या खात्यात चौकशीची एक रीत आहे. आरोपी वेगवेगळे बसवायचे, प्रत्येकाला तेच प्रश्न उलटसुलट विचारायचे, आणि जबाब ताडून पाहायचे. मी तसंच केलं. पाथरी, परभणी, नांदेड. मोटारसायकल, गाडी, यष्टी. एकानं हिरवी साडी सांगितली, दुसऱ्यानं निळी, मावशींनी तर नेसायला नवीन दिली म्हणून सांगितलं. दुपारपर्यंत माझं डोकं उठलं. ठाण्यात खोटं बोलणारा माणूस स्वतःला वाचवायला बोलतो आणि त्याची नजर दारावर असते. या तिघांची नजर एकमेकांवर होती. मी गुरुजींना पाणी दिलं तर ते विचारतात, मावशींना दिलं का?

मग मला शंका आली. मी रीत मोडली. गुरुजींना आणि खजिनदारांना बाहेर आणलं, मावशींच्या सायकलशेजारी लिंबाखाली बसवलं आणि म्हणालो, “मला काही सांगू नका. बाई कुठं आहे ते एकमेकांनाच सांगा.”

गुरुजी मावशींकडं बघायला लागले. मावशी खजिनदारांकडं. खजिनदार पुन्हा गुरुजींकडं. शेवटी मावशींनी कपाळावर हात मारून घेतला.

“अगं बाई! मला वाटलं गुरुजींनी लपवली. तुमाला बी ठावं न्हाई? मंग पोरगी हाय कुठं?”

प्रत्येकाला वाटत होतं की भावापासून वाचवायला दुसऱ्या कुणीतरी तिला सुरक्षित ठेवलंय, आणि त्या दुसऱ्याला वाचवायला प्रत्येक जण आपल्या अंगावर घेत होता. खजिनदार तर रडायलाच लागले. मलाही धास्ती वाटली, कारण आता जीपवाल्याची गोष्ट खरी ठरत होती.

“रडणं नंतर,” मी म्हणालो. “शेवटची दिसली कधी? काय करत होती?”

गुरुजींनी सांगितलं. आदल्या दिवशी सकाळी मंडळाची बैठक होती. अध्यक्षबाईंनी एक विषय मांडला होता. वालूरच्या बाजारात त्यांना एका मेंढपाळाच्या बाईसोबत एक मुलगी दिसली होती, हिच्यासारखीच ऐकू न येणारी. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, खुणांची भाषा ठाऊक नाही, दिवसभर मेंढरांमागं. तिला केंद्रात आणू, असा बाईंचा ठराव.

“मग?”

“आम्ही म्हटलं, मेंढपाळ आज इथं, उद्या तिथं. आधी केंद्राचे पत्रे दुरुस्त होऊ द्या, मग बघू. त्यांनी टेबलावर हात आपटला अन् निघून गेल्या. आम्हाला वाटलं, वाईट वाटलं असंल, खोलीत पडल्या असतील.”

“आणि तो मेंढपाळ आता कुठं आहे?”

“मेंढरं जिंतूरच्या अंगाला गेलीत म्हणत होते... देवगाव फाट्यावरून...” टॉवर त्याच फाट्याचा होता.

मी जीप काढायला सांगितली. सोबत एक महिला शिपाई घेतली. फाट्यापुढं अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर, ज्वारी काढून मोकळ्या झालेल्या एका रानात मेंढरं बसवलेली दिसली. पालाजवळ एक चुणचुणीत बाई मांडी घालून बसली होती, समोर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी. बाई कुत्र्याकडं बोट दाखवून हातानं एक खूण करायची, मुलगी तशीच करायची. मग मेंढरू. मग पाणी. पोलिसांची जीप बघून अख्खं पाल उठून उभं राहिलं. त्या दोघींनी मात्र वरसुद्धा पाहिलं नाही.

मुलीची आई घाबरत पुढं आली. “सायब, या बाईला नेऊ नका. ही आली तवापासून पोरगी हसायलीय बघा. आमाला वाटलं व्हतं, हिला कायबी कळत न्हाई.”

अध्यक्षबाईंना ठाण्यात आणलं, तेव्हा भाऊ व्हरांड्यात आणि मंडळ लिंबाखाली बसलेलं. गुरुजी म्हणाले, “तिची भाषा मला येते, मी सांगतो तिचं म्हणणं.” मी म्हणालो, “आरोपी तुम्ही, दुभाषी तुम्ही, मग निकालपण तुम्हीच द्या ना!” परभणीहून मूकबधिर शाळेतल्या एका शिक्षिकेला बोलावलं. व्हिडिओ चित्रण लावलं आणि जबाब सुरू केला.

पहिला प्रश्न नेहमीचाच. तुम्हाला कुणी नेलं?

बाईंनी शिक्षिकेला तो प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग खळखळून हसल्या आणि हात चालवू लागल्या. शिक्षिका जरा अवघडली.

“त्या म्हणताहेत, मला कोण नेणार? मी काय पिशवी आहे? पिशवी मात्र जीपवाला नेत होता.”

पिशवीत मुलांना शिकवायच्या पाट्या आणि चित्रं होती. जीपवाला ती टपावर फेकायला निघाला, बाईंनी सोडली नाही. हॉटेलवाल्यानं पाहिलेली झटापट ती हीच, आणि शेवटी आत कोंबली तीही पिशवीच. पुढं ठिकठिकाणी उतरून मेंढरांची खूण करत विचारत त्या पालापर्यंत पोचल्या होत्या. फोन त्यांनीच रागानं बंद केला होता. बैठकीत समोर बसून कुणी ऐकलं नाही, तर फोनच्या व्हिडिओवर खुणा करून काय सांगायचं, असं त्यांचं म्हणणं.

जबाबाचा शेवट त्यांनी स्वतः सांगितला. ‘मी सज्ञान आहे. मी माझ्या मर्जीनं गेले. पुढंही जाईन.’

हवालदार म्हणाला, “पुढचं कशाला? जबाब झालेल्या गोष्टीचा असतो.” बाईंनी कागदावर दोनदा बोट आपटलं. मी म्हणालो, “लिही.”

भावाला तो जबाब वाचून दाखवला. तो बहिणीकडं वळला. “एवढं बोलती ही?” तो म्हणाला. “घरी आमच्या चारच खुणा व्हत्या. ये, जेव, ढोरं, झोप.” मग त्यानं शिक्षिकेला हळूच विचारलं, “चुकलं, हे कसं म्हणायचं?” शिक्षिकेनं दाखवलं. त्यानं केलं, पण भलतंच काहीतरी झालं. बाईंनी त्याचा हात धरून नीट करून दिला, आणि सणाला घरी येईन, पण परत जायला, असं बजावलं. तो मान हलवत राहिला. मला तिथून उठून खिडकीशी जावं लागलं. पोलिसाला असल्या वेळी धुळीचा त्रास होतो.

लिंबाखाली वेगळंच घडलं. मंडळी आनंदानं पुढं झाली, तर बाई त्यांच्यावर अशा बरसल्या की शिक्षिकेला भाषांतर करताना दोनदा थांबावं लागलं.

“भावाला कुणी शिकवलं नव्हतं. तुम्ही तर माझी भाषा शिकलात, मला खुर्चीवर बसवलंत. अन् तुम्हालापण वाटलं की मला कुणीतरी लपवलं? मी माझी जाईन, हे एकाच्याही मनात आलं नाही?”

मावशी म्हणाल्या, “पोरी, जीव हाय तुझ्यावर, म्हणून...”

“जीव राहू द्या. माझ्या ठरावाचं काय झालं ते सांगा.”

सातातले चार जण हजर होते, म्हणजे बैठक भरत होती. अध्यक्षबाईंनी ठाण्याच्या आवारातच ती भरवली. ठराव असा की ही मुलगी येत्या सोमवारी केंद्रात येईल, पत्रे नंतर. चारही हात वर झाले. पहाऱ्यावरच्या शिपायानंही भारावून हात वर केला, तो मला खाली करायला लावावा लागला.

गुन्हा घडलाच नव्हता, तसा अहवाल कोर्टात पाठवून मी केस बंद केली. ती मुलगी केंद्रात राहू लागली. मेंढरं जवळपास असली की आई-बाप भेटून जातात, आणि हात चालवत तिच्याशी बोलतात. मी निवृत्त झाल्यावर एकदा गेलो होतो, तर मंडळाची बैठक चालू होती. गुरुजी लांबण लावून बोलत होते आणि अध्यक्षबाई त्यांना हातानं आवरतं घ्यायला सांगत होत्या. पत्रे मात्र अजून गळत होते.

मला त्या केसनं एक शिकवलं. कुणाचं माणूस हरवलं की घरचे, शेजारचे आणि आम्ही पोलीस एकच विचारतो, कुणी नेलं? त्यातून म्हातारा, अपंग, मुका माणूस असला तर दुसरं काही सुचतच नाही. त्या दिवसानंतर मी फिर्याद घेताना आधी दुसरा प्रश्न विचारू लागलो. त्या माणसाला कुठं जायचं होतं? घरच्यांना बहुतेक वेळा उत्तर ठाऊक असायचं. माणसानं ते त्यांना कितीदातरी सांगितलेलं असायचं.