गोठवलेलं टोक

"तू ऊठ त्या खुर्चीवरून. उद्या तू तोंड उघडायचं नाही. पुण्याचे परीक्षक आहेत, त्यांच्यासमोर हे तुझं मले-तुले नको."

अमरावतीच्या कॉलेजातल्या लॅबमधी, पंधरा पोरापोरींसमोर, आमचे गाईड सर मले असं म्हनले. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाले होती. कॉम्प्युटरवरचं मॉडेल माझं होतं, ओळ न् ओळ मी लिहलेली. पन बोलनार केदार, माझा प्रोजेक्टमधला जोडीदार. त्याचे वडील सरांच्या ओळखीचे अन् त्याची भाषा पुस्तकासारखी. सगळे हासले. मीबी हासली. त्याचाच मले आजबी राग येते.

बाबा पातूरच्या बाजारात भाजी इकत. त्या सालांत कापसाच्या अन् संत्र्याच्या पडेल भावानं लोकांले पार झोपवलं होतं. वर्गातले दोन पोरं दिवाळीले घरी गेले ते फीले पैसे नाही म्हनून परत आलेच नाही. मी नापास झाली असती तर माझ्या पाठच्या बहिणीचंबी शिक्षण बंद झालं असतं. बाबा तसं बोलले नोते. बोलायची गरजच नोती. म्हनून मी सरांले भेत होती. त्यांच्या बुटाचा आवाज आला की मी स्क्रीनमधी डोकं घाली.

काम काय होतं, साधं सांगते. एका चिपवरून दुसऱ्या चिपवर तारेतून डेटा इतका भरधाव जाते की एक बिट दुसऱ्यात सांडते. मंग पाठवनारं टोक सिग्नल आधीच थोडा सुधरवून सोडते, घेनारं टोक आल्यावर साफ करते. दोघं आपापलं माप चालता चालताच बदलतात. माझ्या मॉडेलात आखूड तारेवर सगळं झकास चाले. लांब तारेवर नाही. घेनारं म्हने, जोर वाढव. तो वाढलेला जोर पोचेपर्यंत यानं आपल्या बाजूनंबी वाढवलेला. मंग म्हने, कमी कर. तेबी दोघं करत. दीड महिना मी हे पाहून राहिली होती. दोघं एका मापावर ठरतच नोते.

सरांले दाखवलं. सर म्हनले, "पाठवणारं टोक गोठव. छान ग्राफ काढ."

मी गोठवलं, म्हंजे त्याचं माप एकाच जागी बांधून टाकलं. ग्राफ देखना आला. वर लिहलेलं मात्र तेच राहिलं, की दोन्ही टोकं एकाच वेळी जुळवून घेतात. भेऊन केलं मी. कोनाले दोष देऊ.

परीक्षेच्या दिवशी मले स्लाइड सरकवायचं काम दिलं. परीक्षकांनी केदारले विचारलं, "तार लांब असेल आणि दोन्ही टोकं एकदम बदलली, तर?"

केदारनं सरांकडं पाह्यलं. सर म्हनले, "स्थिर होतं, सर. तपासलंय आम्ही."

चूप राहिली असती तर पास होती. बहिणीचा चेहरा डोळ्यासमोर आला, खरंच आला, अन् तरी तोंडातून निघून गेलं.

"नाही होत, सर. मी चालवून पाह्यलं. आमी एक टोक गोठवून ठेवलं हाय."

या टायमाले कोनी हासलं नाही. सर म्हनले, "बस खाली." मी बसली नाही. टेबल धरून उभी राहिली अन् काढून टाकलेला लांब तारेचा खरा ग्राफ उघडला. परीक्षकांनी मले खोदून खोदून विचारलं. दोन प्रश्नांची उत्तरं आली नाही, तर "मले नाही येत" म्हनलं. त्यांनी शाबासकी दिली नाही. फक्त लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी बांधलेला रिपोर्ट समोर टाकला. आत तोच देखना ग्राफ. केदारची सही झाली होती.

"सही कर. अंतर्गत गुण माझ्या हातात आहेत."

मी पेन खाली ठेवला. म्हनली, "हे पान बदला, मंग करीन."

सही नाही म्हनून कॉलेजनं माझा निकाल राखून ठेवला. बाबांले ते मीच सांगतलं. मंग दर सोमवारी मी पातूरहून अकोला, अकोल्याहून अमरावती, दोन बस करून खरा ग्राफ घेऊन सरांच्या दाराशी उभी राहे. सर पाहून न पाह्यल्यासारखं करत. भेव गेलं नोतं, आजबी गेलं नाही. पन मी ठरवलं ते ठरवलं. साल जाऊ दे, डिग्री जाऊ दे, खोट्या पानावर माझी सही पडनार नाही.