देवक बसलेलं घर

खुर्चीत बसल्या बसल्या काकू डावा हात पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "बेटा, डावा देतेय हं, राग नको मानू." उजव्या स्तनाचं कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यापासून त्या बाजूच्या हाताला सुई टोचायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण जन्मात कुणाला वाटीभर साखरही डाव्या हाताने न दिलेल्या बाईला रक्त देतानाही संकोच वाटायचा.

मी देवासच्या एका छोट्या लॅबमध्ये रक्त काढते. काकूंचं माहेर धारचं, त्या इथल्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. दर काही महिन्यांनी त्यांच्या रक्तातला ट्यूमर मार्कर तपासायचा असे. आजार परतला, पसरला, तर हा आकडा वाढू शकतो. नुसत्या आकड्यावर काही ठरत नाही, डॉक्टर स्कॅन करूनच सांगतात, हे मी त्यांना नेमाने समजावायची. त्या मान डोलवायच्या आणि संध्याकाळी फोन करायच्या, "नंबर बढला तर नाही ना?" आम्हा माळव्यातल्या मराठी माणसांची बोली ही अशीच.

रिपोर्ट येईपर्यंत त्यांच्या घरी गोड शिजत नसे. आकडा जागेवर असला की लॅबला डबाभर शिरा. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, भीतीलासुद्धा सोवळं नेसवणारी.

मग त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, बदनावर गावचं स्थळ. त्यानंतर रक्त द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या की यंदाचा रिपोर्ट देवक बसल्यावरच सांग. आमच्याकडे लग्नाआधी घरात देवक बसवतात आणि ते उठेपर्यंत घराला सुतकसुद्धा लागत नाही, असं मानतात.

"सुतक लागत नाही, तर नंबर काय लागणार?" त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

आकडा वाढला होता, तोही बराच. लग्न अजून लांब होतं, तोवर थांबणं शक्यच नव्हतं. मी फोन करून एवढंच म्हटलं, की उद्याच इंदूरला डॉक्टरांना दाखवून या. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, मग गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"आकडा नको सांगूस," काकू म्हणाल्या. "एवढंच सांग, लग्न अलीकडे घेऊ का?"

"आधी डॉक्टरांना दाखवा," मी म्हटलं. स्कॅनमध्ये आजार यकृतापर्यंत पोचलेला दिसला. मुलाकडची माणसं भली, त्यांनी जवळचा मुहूर्त धरला आणि लग्न नीट पार पडलं.

लग्न आटोपलं की देवक उठवायचं असतं. पण भटजी आले की काकू काहीतरी काढायच्या. आज वार बरा नाही, उद्या जावई येणार आहेत. एका दुपारी मी भेटायला गेले तर त्या अंथरुणाला खिळलेल्या. बाहेर भटजींचा आवाज आला आणि त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. बोटं गार पडली होती.

"त्यांना सांग, आज नको. ते उठलं की मी उघडी पडेन गं."

मी बाहेर जाऊन सांगितलं. तेव्हा मलाही तितकीच भीती वाटत होती. भटजी पिशवी उचलून गेले.

त्याच आठवड्यात काकू गेल्या. घरात देवक बसलेलंच होतं. सुतक कधीपासून धरायचं, हे भटजींनाही चटकन सांगता येईना. हिरवा चुडा भरलेली मुलगी देव्हाऱ्यासमोर उभी होती, आणि देवकाला हात लावायला कुणीच पुढे होत नव्हतं.