घटपर्णीचा तुरा

ताईच्या घटपर्णीला यंदा पहिल्यांदाच तुरा आला. किडे खाणाऱ्या या वेलीत नर-मादी वेगळे असतात, ताईची मादी. दुसऱ्या जातीचे परागकण लागू नयेत म्हणून तिने तुऱ्यावर मलमलची पिशवी बांधली, आणि त्याच जातीचा नर वेल असलेल्या मैत्रिणीला फोन केला.

"अगं, माझा वेल कुजून गेला," मैत्रीण म्हणाली. "आणखी कुणाकडे असेल असं वाटत नाही."

आठवड्याभरात पिशवीतली फुलं काळी पडू लागली.

"सोडू का गाठ?" मी विचारलं. "माश्या तरी येतील."

"नको," ताई म्हणाली. "भलतंच बी धरण्यापेक्षा..."

आपण जिवापाड राखतो, आणि ज्याच्यासाठी राखतो ते केव्हाच संपलेलं असतं.

त्या संध्याकाळी ताई गच्चीवर गेलीच नाही. कुंड्यांना पाणी मीच घातलं.