गवत्या माशांनी साफ केलेलं तळं

अर्जुनी मोरगावकडच्या त्या गावात धुरपताबाईच्या मते माणसं दोनच प्रकारची होती, बिनडोक आणि ठार बिनडोक. गावतळ्यातली मासेमारी बायकांच्या गटाकडे होती आणि गटातल्या अकरा जणींची चूल त्यावरच पेटायची. धुरपताबाई त्यांच्यात सगळ्यात जुनी.

तळ्यातला चिला, म्हणजे पाण्याखालचं गवत, ऊन खाऊन वाढतो. चिल्यावर झिंगे जगतात, झिंग्यांवर मरळ मासे. आणि दर पायरीला उन्हाची बरीचशी ताकद हलण्या-पळण्यातच उडून जाते. धुरपताबाई म्हणायची, "दहा टोपले चिला तवा एक टोपलं झिंगे, अन् दहा टोपले झिंगे तवा एक टोपलं मरळ."

एवढं शेंबड्या पोरालाही कळावं. पण मासेमारी समितीचा नवा अध्यक्ष खुशाल, खिशात दोन मोबाईल आणि डोक्यात भुसा. त्याला चिला म्हणजे कचरा वाटायचा. ग्रामसभेत तो म्हणाला, गवत खाणाऱ्या गवत्या माशांचं बीज, म्हणजे पिल्लं, सोडू, तळं फुकटात साफ होईल, मासाही तीन-तीन किलोचा निघेल. लोकांनी माना डोलावल्या. त्यांच्यापेक्षा नंदीबैल परवडले.

"काकी, तुमाले काही बोलाचं हाय का?" खुशालनं विचारलं.

बोलायचं पुष्कळ होतं. पण गाढवापुढं गीता कोण वाचणार? "मले कायले इचारता, तुमी शायने," म्हणत तिनं पदर झटकला आणि सभेतून उठली. पुढं आठवडाभर ती घरी त्या सभेची टिंगल करत होती.

पहिल्या वर्षी गवत्या मासे खाऊन खाऊन फुगले. खुशालनं त्यांच्यासोबत फोटो काढले. दुसऱ्या वर्षी चिला संपला, त्यापाठोपाठ झिंगे, मग मरळ. तिसऱ्या उन्हाळ्यात गवत्या मासेही उपासानं इतके वाळले की नुसती डोकीच दिसायची, आणि खाली गढूळ पाणी.

त्या सकाळी धुरपताबाईनं सून दामिनीसोबत जाळं ओढलं. आत नुसता चिखल निघाला. ती खुशालच्या सात पिढ्या उद्धरायला लागली.

दामिनी म्हणाली, "आई, तुमाले तं सारं मालूम होतं. मंग सभेत सांगतलं काऊन नाही?"

"कोणी आयकलं नसतं."

"पण त्यानं इचारलं होतं ना."

धुरपताबाईनं हातातलं जाळं खाली टाकलं. आजवर तिला सगळ्या गावाची किळस यायची, आज स्वतःची आली. काठावर गटातल्या बाकीच्या बायका रिकामी टोपली घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या चुलींचा प्रश्न होता, आणि सभेत ती पदर झटकून उठली होती.