राधाबाई, चार लोग

माह्या सासूले नाव आहे, हे मले लग्न होऊन सहा महिने झाल्यावर समजलं. तेही रेशन कार्डावर. तोवर ती नुसती 'अंकुशची माय' होती. शेजारीण तिले अंकुशची माय म्हणे, दूधवाला अंकुशची माय म्हणे, अन् मामाजी, म्हणजे माहे सासरे मोतीलाल, ते तर तेवढंही म्हणत नव्हते. ते म्हणत, "अवो!" एक अवो चहासाठी, एक पाण्यासाठी, अन् लांब ओढलेला "अवोऽऽ" म्हणजे चष्मा सापडून नाही राहिला. तिले सगळे बरोबर समजत. मी नवी होती. एकदा चष्म्याच्या अवोवर चहा घेऊन गेली, तर बुढा माह्याकडे असा पाहे, जसा काही चष्मा मीच गिळला.

रेशन कार्डावर लिहिलं होतं, राधाबाई मोतीलाल निमजे. मी अंकुशले म्हटलं, "किती चांगलं नाव आहे तुह्या आईचं! कोणी घेत काहून नाही?" तो म्हणे, "आई आहे ना ती. नाव घेऊन काय करायचं?" घ्या! माहा नवरा पोस्टात आहे, दिवसभर लोकाइची नावं वाचते, अन् घरात आला का असा बोलते.

आमचं घर तुमसरले. आधी घरात दोन हातमाग होते. मामाजी मागावर बसत अन् आई त्याइले सुताच्या कांड्या भरून दे. दिवसभर खटखट, खटखट. त्याच्यामुळे या घरात हळू बोलणं कोणालेच जमत नाही. मग माग बंद पडले, मामाजीनं साड्यांचं दुकान टाकलं, आता तेही पुतण्या पाहते. सगळं बदललं, पण जेवणाचा नंबर नाही बदलला. पहिले मामाजी, मग अंकुश, मग कोणी आलं-गेलं असन तर तो, अन् सगळ्यात शेवटी आई. भाताचा गंज खरडून, गार भात, उभ्यानं नाही तर चुलीपाशी उकिडवं बसून. मी किती भांडली! "आई, बसा ना सोबत. मी वाढते." "हाव, बसते ना वो," म्हणे, अन् नाही बसे. मले राग आला का माहा आवाज तिसऱ्या गल्लीत जाते, हे मी कबूल करते. पण या बाईवर चिडावं कसं? ती हसते.

तर अंकुशले पोस्टाकडून फिरायले एलटीसी मिळाली, अन् आम्ही चौघं अंदमानले जायचं ठरलं. मामाजी म्हणे, "पाणी पाहायले इतक्या दूर कायले जावं? वैनगंगा आटली का?" पण विमानात बसायचं म्हटल्यावर मनातून खूश होते, नवा शर्ट दोनदा शिवून घेतला. अन् बॅगेत काय भरलं, सांगू? पाच किलो चिन्नोर तांदूळ. लाखोळीची डाळ. जवसाची चटणी, पापड, लोणचं. अन् विजेवर चालणारा कुकर! नागपूरच्या विमानतळावर त्या मशीनवाल्या पोरीनं बॅग उघडायले लावली, कुकर इकडून पाह्यला, तिकडून पाह्यला, मग आईकडे पाह्यलं. तिले सगळं समजलं असन.

मामाजीचं म्हणणं एकच. "माह्या घरची बाई जित्ती आहे, मी हॉटेलात काहून जेवू?" त्याइले वाटे का हे आईचं कौतुक आहे. अन् मजा अशी का आईलेही तसंच वाटे.

मग काय! समुद्राच्या मधोमध बेटावर येऊन माही सासू खोलीत कुकर लावून राहिली. मी अन् अंकुश बाहेर जेवत होतो, खोटं कायले बोलू. पोर्ट ब्लेअरले एका तमिळ खानावळीत केळीच्या पानावर जेवलो, तिथला माणूस सांबार वाढता वाढता थांबतच नव्हता. एका बंगाली हॉटेलात गेलो, तिथे टेबल रिकामं व्हायच्या आधीच लोकं खुर्चीमागे येऊन उभे राहत, तुमचा शेवटचा घास मोजत. हॅवलॉकच्या बेटावर एका टपरीत खेकडा खाल्ला, अर्धा माह्या पोटात गेला अन् अर्धा अंकुशच्या शर्टावर. चव अशी का बोलायचं काम नाही. पण दर घासाले मले खोलीतला तो कुकर आठवे अन् माहं डोकं फिरे.

मी पार्सल आणत होती. मामाजी दुपारचे झोपले का आई गॅलरीत जाऊन नारळाच्या रश्श्यातले झिंगे खाये. दाराकडे पाहत पाहत, बोटं चाटत. चौथ्या दिवशी मी विचारलं, "आवडलं ना?"

"चव येते वो पार्सलात," आई म्हणे. "गरम नाही येत."

मग म्हणे, "हर्षा, काल त्या झावळ्याच्या छपराच्या हॉटेलापाशी एका बाईनं केळीचं पान उघडलं, पाह्यलं तू? आत मासा होता. अशी वाफ आली! ती बाई बसलेली, दुसरा माणूस वाढणारा, अन् मासा गरम. मले एकदा तसं जेवायचं आहे. बसून. पहिलं. मग काही नाही मागत मी."

मले तिथेच रडायले आलं. एकसष्ट वर्षांची बाई, अन् मागून मागून काय मागते तर गरम मासा! मी संध्याकाळी सगळ्यांसमोर जाहीर केलं का उद्या हॅवलॉकले शेवटचा दिवस, दुपारी साडेतीनची बोट, त्याच्या आधी आपण चौघं त्या छपराच्या हॉटेलात जेवणार. कुकर मी बॅगेत घातला अन् बॅगेले कुलूप लावलं.

मामाजी म्हणे, "तुम्ही जेवा. मी सोबत येईन, बसीन, पण जेवणार नाही. समुद्रातला मासा खारट असते."

"तुम्हाले कोणी सांगतलं?"

"सांगाले कायले लागते? पाणीच खारं आहे ना!"

दुसऱ्या दिवशी मी अन् अंकुश सामान घेऊन धक्क्यावर गेलो, बॅगा ठेवायच्या होत्या, तिकिटं पाहायची होती. आई-मामाजीले हॉटेलापाशी सोडलं, म्हटलं नंबर लावून ठेवा. तिथली तऱ्हा अशी, का हॉटेल लहान, गर्दी मोठी. दाराशी एक काळा फळा. एक जाडा बंगाली माणूस त्याच्यावर खडूनं नाव लिहिते, किती जण ते लिहिते, अन् टेबल रिकामं झालं का आवाज देते. दोन आवाजात आला नाहीत तर नाव पुसलं. पुढचं मी पाह्यलेलं नाही. आईनं सांगतलेलं आहे, अन् मामाजीनं मधे मधे दुरुस्त केलेलं.

बंगाली म्हणे, "माँजी, किसके नाम से?"

आईनं मामाजीकडे बोट दाखवलं. "इनके."

"नाम बोलिए."

आता आली का पंचाईत! नवऱ्याचं नाव आईनं एकदाच घेतलं होतं, एकेचाळीस वर्षांपूर्वी, लग्नात, उखाण्यातून, तेही बायाइनं दार अडवलं म्हणून. इथे फळ्यापाशी उभं राहून त्या बंगाल्याले उखाणा घेऊन दाखवू का? तिनं मामाजीकडे पाह्यलं. मामाजी समुद्राकडे तोंड करून म्हणे, "माह्या नावानं लिहू नको. मी जेवणार नाही."

"मग अंकुशचं सांगू?"

बंगाल्यानं विचारलं, "ये अंकुश यहाँ है? जो यहाँ बैठेगा, उसी का नाम दो माँजी." मागे आठ-दहा लोकं उभे. खडू थांबलेला. आईनं एकदा मागे पाह्यलं. मग हळूच म्हणे, "राधाबाई."

"जोर से?"

"राधाबाई!" मागाच्या घरातली बाई ती, एवढ्या जोरात बोलली का मागच्या लहान पोरानं मायचा पदर धरला. बंगाल्यानं मोठ्या अक्षरात लिहिलं, राधाबाई ४. अन् म्हणे, "एक घंटा."

मामाजी झाडाखालच्या बाकावर बसले, रुसलेले. आईनं फळ्याकडे पाच-सहादा पाह्यलं. मग म्हणे, पाय बुडवून येते, अन् गेली खाली वाळूत. पाय बुडवता बुडवता चांगलीच दूर गेली. वारा होता, लाटांचा आवाज होता, अन् टेबल पाऊण तासातच रिकामं झालं.

"राधाबाई! चार लोग!"

मामाजी बाकावरून ताडकन उठले. "काय जी, बाईमाणसाचं नाव असं चारचौघात ओरडतात का?"

"आप उनके साथ हैं?" बंगाल्यानं विचारलं. "एक बार और बोलूँगा, फिर अगला."

पुढच्या नंबरचे पाच जण उठून उभेही राहिले होते. मामाजीनं नुसतं 'नाही' म्हटलं असतं, नाही तर काहीच म्हटलं नसतं, तरी झालं असतं. नाव पुसलं गेलं असतं, दोन केळी खाऊन बोटीत बसलो असतो, अन् बुढ्याची टेक राहिली असती. मी त्याइले नंतर विचारलं, तेव्हा काय आलं मनात? ते म्हणे, "काही नाही. त्याच्या हातात फडकं होतं. तो तिचं नाव पुसणार होता."

आम्ही दोघं रस्त्यानं येऊन राहिलो होतो, तेवढ्यात आवाज आयकू आला. "अवो! अवोऽऽ!" मग, "अंकुशच्या मायऽऽ!" मी म्हटलं, झालं, चष्मा हरवला. अन् मग असा आवाज आला का अंकुशच्या हातातून पाण्याची बाटली पडली.

"राधाबाईऽऽ! अवो राधाबाईऽऽ!"

अंकुश पळत सुटला. त्याले वाटलं आई बुडाली. मी चपला हातात घेऊन त्याच्या मागे. पाहतो तर मामाजी वाळूत गुडघ्यावरी पँट वर करून उभे, दोन्ही हात तोंडापाशी, अन् मागाच्या खटखटीवर कमावलेला तो गळा पूर्ण लावून ओरडून राहिले. अन् आई तिकडे शिंपले वेचून राहिली, ढिम्म! वळायले तयार नाही. नंबरले बसलेली गर्दी उठली. एका गुजराती बाईनं हाक दिली, "राधाबेन!" दोन मल्याळी पोरं ओरडली. मग काय, सगळा किनारा, "राधाबाई! राधाबाई!" अन् तो बंगाली फळ्यापाशी फडकं खांद्यावर टाकून हसून राहिला.

तेव्हा कुठे आई वळली. पदर सावरत आली अन् म्हणे, "मले वाटलं दुसरी कोणी राधाबाई आहे. कोण हाक मारत होतं?"

मामाजीचा चेहरा लाल झालेला, पँट ओली. म्हणे, "मी. चाल लवकर, टेबल जाऊन राहिलं."

आईनं त्याइच्याकडे जे पाह्यलं ना, ते माह्याच्यानं सांगणं होत नाही. लग्नातल्या फोटोतही ती तशी नाही पाहत.

वाढपी आला, अन् पहिलं पान त्यानं आईसमोर ठेवलं. टेबल तिच्या नावाचं होतं ना! आईनं दोन्ही हात मांडीवर ठेवले अन् मामाजीची वाट पाहत बसली. सवय, दुसरं काय. मी तोंड उघडणारच होती, पण मामाजीच म्हणे, "खा ना. तुह्या नावाचं आहे."

आईनं पान उघडलं. मोहरीचा वास आला, वाफ आली, तिच्या चष्म्यावर बसली. घाईघाईनं घास घेतला अन् जीभ पोळली. "हा, हा, हा," करत तोंडावर हात ठेवून ती हसे, अन् डोळ्यातून पाणी वाहे. मी विचारलं, "पाणी देऊ का आई?" ती म्हणे, "नको वो! पोळू दे!"

मामाजी पाच मिनिटं बसले. दहा मिनिटं बसले. मग म्हणे, चाखून पाहतो. मग त्याइनं एक पान पुरतं संपवलं अन् दुसरं मागवलं. भात चिन्नोर नाही, असं दोनदा सांगतलं. अन् मग वाढप्याले बोलावलं अन् म्हणे, "भाऊ, थोडं मीठ आणा जी." अंकुशले असा ठसका लागला का पाठ थोपटावी लागली.

बोट आम्हाले मिळाली, पण पळत पळत.

आता तुमसरले येऊन तीन महिने झाले. शेजारणी विचारतात, अंदमानले काय पाह्यलं? आई विमान नाही सांगत, तुरुंग नाही सांगत, समुद्रही नाही सांगत. "तिथे माह्या नावानं टेबल होतं," म्हणते. जेवायले आता चौघं सोबत बसतो. आधी चार दिवस आई दर मिनिटाले उठे, पाचव्या दिवशी मामाजीनंच भाताचा गंज उचलून पानापाशी आणून ठेवला. चटका बसला, तर बोटं कानाले लावून घेतली.

काल संध्याकाळी मी अन् आई आतल्या खोलीत पाय पसरून तांदूळ निवडत होतो. ओसरीतून आवाज आला. आधी खाकरणं, मग थोडं थांबणं, मग, "राधाबाई, चहा होते का?"

आईनं सुपातली नजर वर केली नाही. पण तिथूनच, मागाच्या घराले शोभन अशा आवाजात, म्हणे,

"नाव लिहून ठेवा. नंबर आला का आवाज देते."